शनिवारचा वर्ग

५ जुलै २०२५, शनिवार
नाशिकला पालकांचा नवा गट सुरू. मुलं तीन ते सहा वयाची. तक्रारी नेहमीच्याच : बालवाडीत चावतो, दुकानात लोळण घेते, ‘नाही’ म्हटलं की हाताला येईल ते फेकतो. दोघांना आधी कान तपासून घ्यायला सांगितलं. ऐकत नाही म्हणून आणलेल्या मुलाला कधी कधी खरंच ऐकू येत नसतं.
एका बाबांनी विचारलं, “मुलाला आणायचं नाही? मस्ती तो करणार आणि शाळा आम्हाला?” म्हटलं, मी त्याला आठवड्यातून तासभर भेटणार, उरलेला सगळा वेळ तो तुमच्याजवळ. दोष कुणाचा, ते इथे शोधायचंच नाही.

१२ जुलै, शनिवार
फळ्यावर साखळी काढली. आई म्हणते मोबाइल ठेव. मुलगा किंचाळतो. आई आवाज चढवते. तो लाथा झाडतो. “घे बाबा एकदाचा!” त्याला मोबाइल मिळाला, तिला शांतता मिळाली. दोघांचंही काम झालं, म्हणून उद्या पुन्हा तेच. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांच्या निरीक्षकांनी घराघरांत बसून अशा साखळ्या टिपल्या. १९८२च्या पुस्तकात त्यांनी त्या मांडल्या.
एक आजी म्हणाल्या, “म्हणजे आम्हीच शिकवलं त्याला?”
“त्यानंही तुम्हाला शिकवलं, आजी.”
सगळे हसले. चौथ्या वर्षी ही साखळी घरापुरती असते. तेराव्या वर्षी तिच्यात शाळा, मित्र, मारामाऱ्या असं बरंच गुंतलेलं असतं. घाई करायची ती एवढ्यासाठी.

१९ जुलै, शनिवार
खेळाचा तास. रोज पाच मिनिटं मूल सांगेल तसं खेळायचं. प्रश्न, सूचना, टीका तिन्ही बंद. ते काय करतंय तेवढंच बोलायचं. शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात बसवलेल्या पद्धतीत शिकवणारी व्यक्ती एकतर्फी काचेमागे असते आणि पालकाच्या कानातल्या यंत्रात सुचवत राहते. आमच्याकडे काच नाही. मी स्टुलावर बसून कुजबुजते.
सरावाला मूल झाले गटातलेच एक काका. बाबांनी ठोकळे हातात घेतले आणि लगेच, “हा कुठला रंग? मोजून दाखव बरं!” परीक्षा काही सुटेना.
कौतुकावरून वाद झाला. “डोक्यावर बसतात,” एका आईचं म्हणणं. तिला सांगितलं, नुसतं ‘शहाणं बाळ’ नको. ‘चपला जागेवर ठेवल्यास, छान केलंस’ असं म्हण. नेमकं काय आवडलं, ते मुलाला कळतं.

२ ऑगस्ट, शनिवार
एक आई रडवेली. लोळण घेण्याकडे दुर्लक्ष केलं तर लोळणं दुप्पट झालं. आधी वाढणार, हे सांगून ठेवलं होतं; पण घरी सोसायचं तिलाच. भिंतीपलीकडून शेजारीण विचारते, “काय झालं हो?” आणि मग आजोबा खिशातून चॉकलेट काढतात. रोज न मिळता अधूनमधून मिळणारं चॉकलेट सवय जास्त घट्ट करतं. परदेशी पुस्तकांत बहुधा दोनच पालक भेटतात. हिच्या घरात पाच मोठी माणसं. आजोबांना पुढच्या वेळी घेऊन यायला सांगितलं.

९ ऑगस्ट, शनिवार
राखीपौर्णिमा, वर्गाला सुट्टी. एका बालरोगतज्ज्ञांना पत्र लिहिलं. चार-पाच वर्षांच्या अतिचंचल मुलांना औषधाआधी पालक-प्रशिक्षण द्या, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची २०१३ची मार्गदर्शक सूचनाही, वर्तनाच्या गंभीर तक्रारी असतील तर ३ ते ११ वयाच्या मुलांच्या पालकांना असे वर्ग द्यायला सांगते. पालकांना ‘मोठा झाला की सुधारेल’ एवढंच सांगून परत पाठवू नका, अशी विनंती केली.

१६ ऑगस्ट, शनिवार
दहीहंडीची गर्दी, तरी आजोबा आले. “रडताना बघवत नाही हो,” म्हणाले. चॉकलेट बंद करायला लावलं नाही, वेळ बदलली : रडं थांबून मूल खेळायला लागल्यावर द्यायचं. त्यांना पटलं.
गटातल्या अंगणवाडीताई म्हणाल्या, “माझ्याकडच्या आया मजुरीला जातात. शनिवार कुठला आणि बसभाडं कुठलं?” खरं आहे. पाच मिनिटांचा खेळ त्या अंगणवाडीतल्या पालकसभेत नेणार आहेत. तिथे मी जाणार, आयांनी इकडे यायचं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
गणपतीआधीचा शेवटचा तास. लोळणं संपलेलं नाही, पण लवकर आवरतं. ठोकळेवाल्या बाबांचा हात अजून उठतो. परवा मात्र उठला आणि तसाच खाली आला, असं त्यांनीच सांगितलं.
पुढच्या गटाच्या फॉर्मवर नवा रकाना घातला : ‘घरात लाड कोण पुरवतं?’ पहिल्या दिवशी ती व्यक्ती आलीच पाहिजे.