पडद्यामागचे यंत्र

‘पडदा’ हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत आपण ‘पर्दा’ म्हणतो. हा शब्द फारसीतून दोन्ही भाषांत आला आहे. दाराला पडदा असतो, नाटकाला पडदा असतो आणि संगणकालाही पडदा असतो. पडदा फाटला म्हणजे त्याच्या मागची वस्तूही गेली, असे मात्र नसते. ही गोष्ट मला भूकंपाच्या दिवसांत नीट समजली.

नोव्हेंबर 2018 पासून आमच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या परिसरात ते वारंवार जाणवत. लोक रात्री घरात झोपायला घाबरत. कितीतरी जणांनी थंडीच्या रात्री अंगणात आणि तंबूत काढल्या. 1 फेब्रुवारी 2019 रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतला सर्वांत मोठा 4.1 तीव्रतेचा होता. तो शुक्रवार होता, म्हणून शाळा लवकर सुटली होती. मी डहाणूला घरी होते. जमीन हादरली, तशी अम्मीचा हात धरून मी अंगणात धावले. परत येऊन पाहते, तर फळीवरचा पितळी डबा माझ्या लॅपटॉपवर पडला होता. पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पसरल्या होत्या. मधोमध काळा डाग होता आणि बाकी सगळा अंधार.

आमच्या घरातली माणसे सुखरूप होती, याबद्दल मी अल्लाहचे आभार मानले. पण मन लॅपटॉपपाशीच घुटमळत होते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. बाजारात मराठी आणि इंग्रजी माध्यमाची सराव पुस्तके हवी तेवढी मिळतात, उर्दू माध्यमाची सहज मिळत नाहीत. म्हणून मी विज्ञानाचे सराव प्रश्न स्वतःच उर्दूत टाइप करत होते. दर रविवारी मी त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेत असे. पण त्या आठवड्यात लिहिलेली दोन प्रकरणे फक्त लॅपटॉपमध्ये होती आणि सोमवारी ती वर्गात वाटायची होती.

दुकानदाराने लॅपटॉप उघडून पाहिला आणि मान हलवली. “नवा पडदा मुंबईहून मागवावा लागेल. पंधरा दिवस लागतील. त्यापेक्षा नवीन लॅपटॉपच घ्या ना, मॅडम.” पंधरा दिवसांनी त्या प्रश्नांचा मुलांना काय उपयोग? आणि नवीन लॅपटॉप घ्यायला पैसे तरी कुठे होते?

तलासरीला माझा मामेभाऊ राहतो. मोबाइल दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. मी त्याला फोन केला. त्याने लॅपटॉपची किंमत विचारली नाही, वर्षही विचारले नाही. तो म्हणाला, “आपा, बटण दाबल्यावर दिवा लागतो का?”

“लागतो.”

“पंख्याचा आवाज येतो का?”

“येतो.”

“कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागतो आणि विझतो का?”

मी दाबून पाहिली. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला.

“मग घाबरू नका. यंत्र चालू आहे, फक्त ते दिसत नाही. माझ्याकडे एक जुना मॉनिटर पडून आहे. घेऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी तो चारोटी नाक्यावरून एसटीने आला. चादरीत गुंडाळलेला मॉनिटर त्याने मांडीवर धरून आणला होता. तो जोडण्यात एक अडचण होती. जुन्या मॉनिटरला पंधरा टाचण्यांचा निळा व्हीजीए जोड होता आणि माझ्या लॅपटॉपला एचडीएमआयची चपटी खाच होती. व्हीजीए ही 1987 सालची पद्धत. तिच्यातून चित्र कमीजास्त होणाऱ्या विजेच्या लहरींनी जाते. एचडीएमआय 2002 साली आली. तिच्यातून चित्र आकड्यांच्या रूपात जाते आणि आवाजही जातो. दोघींची भाषा वेगळी, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. भावाने तसा एक लहानसा जोड आणला होता. त्याच्या पोटात भाषांतर करणारी चिप असते. नुसती वायर जोडून हे काम होत नाही.

जोडणी झाली, पण मॉनिटर काळाच राहिला. लॅपटॉप अजून आपल्या फुटक्या पडद्यालाच चित्र पाठवत होता. भावाने मला पासवर्ड टाइप करायला सांगितला. काहीच दिसत नव्हते. मी डोळे मिटून टाइप करावे तसा तो टाइप केला आणि एंटर दाबले. मग त्याने विंडोजची कळ धरून ‘पी’ दाबले, खाली जाणाऱ्या बाणाची कळ एकदा दाबली आणि एंटर दाबले. क्षणभराने मॉनिटर उजळला. माझी दोन्ही प्रकरणे जशीच्या तशी होती! शेवटचा अर्धवट प्रश्नही तिथेच माझी वाट पाहत होता.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यामागचे कारण समजून घ्यावे. लॅपटॉपचा पडदा म्हणजे काचेचे दोन पातळ थर. त्यांच्यामध्ये द्रवस्फटिक असतात आणि मागून प्रकाश येतो. हे द्रवस्फटिक 1888 साली ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्झर यांना प्रथम आढळले, तेही गाजरापासून मिळालेल्या पदार्थावर प्रयोग करताना! काच फुटली की हे थर बिघडतात. पण हिशेब करणारा प्रोसेसर आणि माहिती साठवणारी डिस्क कळफलकाच्या खाली असतात. त्यांना धक्का लागला नसेल, तर माहिती शाबूत राहते.

कधी तुमच्यावर अशी वेळ आली, तर फुटलेल्या काचेवर बोट दाबू नका. झाकण मिटून काम करायचे असेल, तर आधी सेटिंगमध्ये ‘झाकण मिटल्यावर काही करू नये’ असा पर्याय निवडा; नाहीतर लॅपटॉप झोपी जातो. त्याला वेगळा कळफलक आणि माऊस जोडा. आणि चित्र दिसताच पहिले काम करा ते माहितीची प्रत घेण्याचे.

सोमवारी सराव प्रश्नांचे कागद वर्गात वाटले गेले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने अंगणातल्या तंबूत कंदिलाजवळ बसून ते सोडवले आणि सर्वांच्या आधी मला आणून दिले. पुढे दोन वर्षे मी त्याच जोडीवर काम केले.

आमच्या डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. तेथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1957 पासून आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचे काम केले. महागडी साधने नव्हती, म्हणून त्या थांबल्या नाहीत. खडे, बिया, पाने, शिंपले हीच त्यांची शैक्षणिक साधने झाली. काय नाही हे मोजत बसण्याऐवजी काय आहे, हे त्यांनी आधी पाहिले. माझ्या भावाने फोनवर विचारलेले तीन प्रश्न याच जातीचे होते.

मराठीत ‘दुरुस्त करणे’ म्हणजे मोडलेली वस्तू नीट करणे. उर्दूत ‘दुरुस्त’ म्हणजे योग्य, बरोबर असेही होते. मला दोन्ही अर्थ एकमेकांचे सख्खे वाटतात. काही मोडले की ते फेकण्यापूर्वी एवढेच विचारावे : मोडले आहे ते नेमके काय, आणि शाबूत आहे ते किती? बरोबर प्रश्न विचारला, की अर्धी दुरुस्ती तिथेच होते.