फाटकाबाहेरचा धडा

मूल सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेत गेले, की त्याची काळजी शाळेच्या स्वाधीन करून घर आपल्या उद्योगाला लागते. हा विश्वास योग्यच आहे. त्यावाचून संसार चालणार नाही. परंतु संकटाच्या वेळी शाळेचे काम कोठे संपते आणि घराचे कोठे सुरू होते, याचा विचार आपण पालक क्वचितच करतो.

आम्ही बडोद्यास राहतो. माझी नात तिसरीत शिकते. तिच्या शाळेत भूकंपाचा सराव होतो. घंटा वाजताच मुले बाकाखाली शिरतात, एका हाताने डोके झाकतात, दुसऱ्याने बाकाचा पाय घट्ट धरतात. हादरे थांबल्याची खूण मिळाली, की रांगेने मैदानात येतात आणि बाई हजेरी घेतात. हे सारे तिने घरी मोठ्या उत्साहाने करून दाखविले व शेवटी विचारले, "आजी, मैदानात आल्यावर मग पुढं काय करायचं?"

या प्रश्नाचे उत्तर घरानेच द्यावयाचे असते. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छात भूकंप झाला, तेव्हा बडोद्याची जमीनही हादरली. माझा मुलगा ध्वजवंदनासाठी शाळेत गेला होता. मी शाळेकडे धावले. तो दुसऱ्या रस्त्याने घरी आला आणि दाराला कुलूप पाहून पुन्हा शाळेकडे वळला. दोघेही सुखरूप असून तासभर आम्ही एकमेकांना शोधीत होतो. त्याच सकाळी कच्छातील अंजार गावी प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चाललेली १८५ मुले व २० शिक्षक कोसळत्या घरांखाली मृत्युमुखी पडले. संकट मुलांना वर्गातच गाठील, असा काही नियम नाही.

शाळेचे कर्तव्य यामुळे कमी होत नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे गवती छपराच्या शाळेला आग लागून ९४ बालके दगावली. त्या दुर्घटनेवरून दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही सामावलेला आहे. तेव्हा जिने मोकळे आहेत काय, आग विझविण्याची साधने चालू आहेत काय, हे पालकांनी शाळेस अवश्य विचारावे. त्यात संकोच कसला?

घराच्या वाट्याचा धडा मात्र जपानच्या किनाऱ्यावरील लोकांकडून शिकण्यासारखा आहे. समुद्राच्या प्रलयंकारी लाटा तेथे वारंवार येतात. म्हणून 'तेंदेन्को' अशी त्यांची जुनी शिकवण आहे: कोणाची वाट न पाहता ज्याने त्याने उंचावर धावावे. ११ मार्च २०११ रोजी लाटा आल्या, तेव्हा कामाइशी शहरातील सुमारे ३,००० शाळकरी मुलांपैकी बहुतेक सर्व वाचली. मोठी मुले धाकट्यांचे हात धरून टेकडीकडे धावली होती. प्रथम ऐकताना ही शिकवण निष्ठुर वाटते. परंतु तिच्या मुळाशी विश्वास आहे. आई सुरक्षित जागी गेली असेल याची मुलाला खात्री हवी आणि मूल गेले असेल याची आईला. ही खात्री ऐन वेळी येत नाही; ती आधी बोलून ठेवावी लागते.

आमच्या घरी हे बोलणे काढले तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, एवढ्याशा पोरीच्या मनात भीती कशाला घालायची?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी एवढेच म्हटले, "भीती तिच्या मनात आहेच गं, म्हणून तर तिनं विचारलं. आपण तिला उत्तर देऊ या."

मग सर्वांनी मिळून चार गोष्टी ठरविल्या. बाईंनी सोडल्याखेरीज नातीने मैदान सोडावयाचे नाही. तिला आणावयास एकच जण जाईल. आईवडील कामावर असतील तर मी, आणि मला जमले नाही तर शेजारच्या काकू. आमची नावे शाळेत लेखी दिली आहेत. इतर कोणी ओळखीचे असले तरी त्याच्याबरोबर जावयाचे नाही. दोन दूरध्वनी क्रमांक आणि मदतीचा ११२ हा क्रमांक तिने पाढ्यासारखा पाठ केला आहे. बोलणे लागले नाही, तर सर्वांनी पुण्याच्या आत्याला लघुसंदेश पाठवावयाचा; गावातील यंत्रणा कोलमडली तरी दूरच्या माणसापर्यंत निरोप पोहोचण्याची शक्यता असते. हे सारे ठरविण्यास अर्धा तास लागला, आणि त्या रात्री पोर नेहमीसारखीच गाढ झोपली.

घरे बदलतात, नोकऱ्या बदलतात, क्रमांकही बदलतात. म्हणून जूनमध्ये नव्या पुस्तकांना वेष्टने घालावयास घर एकत्र बसते, त्या संध्याकाळी ही उजळणी करावी. आणि मुलाला सांगावयास नव्हे, तर त्याच्याकडून ऐकावयास बसावे.