प्रवेशद्वारावरचे चक्र

तिबेटी थांका-चित्रांविषयी आपल्याकडे साधारणतः दोन प्रकारे बोलले जाते. एक तर त्यांच्या रंगांविषयी आणि सोन्याच्या रेघांविषयी. नाहीतर त्यांच्या ‘गूढ’ अर्थाविषयी. साहित्य शिकवणाऱ्या माझ्यासारखीला पहिले बोलणे अपुरे वाटते आणि दुसरे थोडे संशयास्पद. या चित्रांपुढे उभे राहिले की मला आधी जाणवते ती त्यांची वाचनीयता. एखाद्या संहितेसारखी ती ओळीओळीने उलगडावी लागतात, आणि त्यासाठी कुणीतरी शेजारी उभे राहून सांगावे लागते.

थांका म्हणजे गुंडाळून नेता येणारा पट. सुती कापड लाकडी चौकटीत दोरीने ताणून बसवायचे. खडूची पूड आणि कातड्यापासून काढलेला सरस यांचा लेप त्यावर द्यायचा. मग गुळगुळीत दगडाने घासून पृष्ठभाग नितळ करायचा. त्यानंतर उभी मध्यरेषा आणि तिच्या आधाराने मापांची जाळी. बुद्धाची आकृती एका परंपरेत १२५ अंगुलांची, दुसरीत १२० अंगुलांची. रंग मुख्यतः खनिजांचे: हिंगुळाचा तांबडा, हरताळाचा पिवळा, अझुराइटचा निळा, मॅलाकाइटचा हिरवा. आधी दूरचे आकाश, मग जवळचे डोंगर-पाणी, मग वस्त्रे, शेवटी चेहरा आणि चेहऱ्यातही सर्वांत शेवटी डोळे. चित्राच्या पाठीमागे, मूर्तीचे कपाळ, कंठ आणि हृदय जिथे येतात नेमक्या त्या जागी ‘ओं आः हूं’ ही अक्षरे लिहिली जातात. भोवती किनखाप शिवला जातो, प्रतिष्ठेचा विधी होतो. संग्रहालयात काचेमागे टांगलेल्या थांकाची ही पाठ आपल्याला कधीच दिसत नाही.

आणि चित्रकाराची सही सहसा नसते. आपल्या संतकवितेत नाममुद्रा असते. ‘मी’पण विरघळवू पाहणारा अभंगही शेवटच्या चरणात कवीचे नाव घेतो. थांकाचा कर्ता तेवढेही मागत नाही. स्वच्छंदतावादाने आपल्याला कलावंताच्या स्वातंत्र्याची जी कल्पना दिली, तिच्या कसोटीवर हा माणूस कारागीर ठरेल. पण माप ठरलेले असताना दोन चित्रकारांची रेषा सारखी येत नाही, हे वृत्तात लिहिणाऱ्या कवींच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. पंधराव्या शतकात मेनला धोंडुपने घातलेल्या मेनरी शैलीचा पाया आणि पुढच्या शतकातल्या कर्मा गार्दी शैलीतली मोकळी निसर्गदृश्ये शेजारी ठेवली, तरी नियमाच्या आत केवढी जागा असते ते कळते.

या मापांमागे भारतीय ग्रंथ आहेत. नग्नजिताच्या नावावरील ‘चित्रलक्षण’ हा ग्रंथ मूळ संस्कृतात हरवला. तो टिकला तिबेटी भाषांतरात. त्यात चित्रकलेच्या जन्माची कथा येते. एका ब्राह्मणाचा मुलगा मरतो. राजा यमाशी झगडतो. अखेर ब्रह्मदेव राजाला त्या मुलाचे चित्र काढायला सांगतो आणि त्या चित्रात प्राण घालतो. चित्रकलेचा उगम मरणाच्या दारात दाखवणारी ही कथा थांकातले भवचक्र पाहताना हटकून आठवते, कारण ते चक्रही यमाच्याच हातात असते.

या चक्राचे आपल्याशी जवळचे नाते आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात, व्हरांड्याच्या डाव्या भिंतीवर, पाचव्या शतकातल्या भवचक्राचे अवशेष आहेत. एकोणिसाव्या शतकात अभ्यासक त्याला राशिचक्र समजत. लेण्याचे नावही तसेच पडले होते. वॉडेल या अभ्यासकाने १८९२ च्या सुमारास त्याचा खरा अर्थ लावला, तो तिबेटी लामांकडून अशा चक्रांची माहिती घेऊन. सह्याद्रीच्या कुशीतले चित्र हिमालयापलीकडच्या परंपरेने आपल्याला वाचून दाखवले. ‘दिव्यावदाना’त तर अशी कथा आहे की, हे चक्र विहाराच्या प्रवेशद्वारावर काढावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमावा, असे बुद्धानेच सांगितले. अध्यापनाच्या व्यवसायाची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही.

चक्राच्या मध्यभागी डुक्कर, कोंबडा आणि साप: मोह, लोभ आणि द्वेष. भोवती सहा गतींचे कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक लहानसा बुद्ध उभा असतो; पशूंच्या कप्प्यातल्या बुद्धाच्या हाती पुस्तक असते. बाहेरच्या कड्यावर प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या. अविद्या म्हणजे आंधळा माणूस, संस्कार म्हणजे मडकी घडवणारा कुंभार, षडायतन म्हणजे खिडक्या असलेले रिकामे घर, वेदना म्हणजे डोळ्यात रुतलेला बाण, आणि शेवटी पाठीवर प्रेत वाहून नेणारा. अमूर्त संज्ञेला असे देह देणारी रूपके मी रूपकाची संकल्पना शिकवताना वापरते. चक्राबाहेर उभा असलेला बुद्ध चंद्राकडे बोट दाखवतो.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात या चक्राची मोठी छापील प्रत लावून मी बोलत होते. बौद्ध घरातून आलेली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. बारा कड्या तिला पाठ होत्या. वडिलांनी शिकवल्या होत्या. ती म्हणाली, “मॅडम, कड्या पटतात. पण हे कप्पे? मागच्या जन्मीच्या कर्मामुळे माणूस खालच्या जागी जन्मतो, हेच तर आमच्या आजोबा-पणजोबांना सांगितलं गेलं. आमच्या लोकांनी १९५६ ला देव सोडले, ते काय हे परत भिंतीवर लावायला?”

तिचा प्रश्न ऐकीव नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त स्पष्टपणे नाकारला आहे. माणसाच्या दुःखाची जबाबदारी त्याच्याच अदृश्य भूतकाळावर टाकली की समाज मोकळा होतो, हे त्यांनी ओळखले होते. तिबेटी परंपरा मात्र पुनर्जन्म मानते, आणि हे चक्र त्या श्रद्धेतूनच काढले जाते. हा भेद रंगांच्या सौंदर्याने झाकता येण्यासारखा नाही.

मी तिला म्हणाले, “मध्याकडे बघ. चक्र फिरतं ते मोहानं, लोभानं, द्वेषानं. तिथे जात नाही, आणि कुठलाच कप्पा कायमचा नाही. वरच्या कप्प्यातले देवसुद्धा खाली येतात.” ती क्षणभर पाहत राहिली. मग म्हणाली, “पण एक फेरा फिरायला एक जन्म लागतो, मॅडम. तेवढं थांबायचं कुणी?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. थांकातल्या अनेक हातांच्या, कवट्यांच्या माळा घातलेल्या आकृतींविषयी तिने विचारले असते, तर सांगता आले असते की साधक ध्यानात ही रूपे उभी करतो आणि शेवटी ती शून्यतेत विरघळवतो. तत्त्वतः हा देव सृष्टीचा कर्ता नव्हे. सामान्य भाविक त्यापुढे माथा टेकतो, हेही सांगितले असते. पण तिचा प्रश्न देवांविषयी नव्हता. तो न्यायाविषयी होता, आणि त्याला ध्यानाचे उत्तर पुरत नाही.

१९५९ नंतर निर्वासित झालेल्या तिबेटी लोकांनी ही कला भारतात जपली. धरमशालेजवळच्या नोर्बुलिंका संस्थेत आजही तरुण चित्रकार रंगाला हात लावण्याआधी दीर्घ काळ नुसते रेखाटन गिरवतात. देश गमावलेल्यांना माप जपावेसे वाटणे आणि मापांनीच चिरडलेल्यांना ते मोडावेसे वाटणे, या दोन्ही गोष्टी बुद्धाच्याच नावाने घडल्या. त्यांपैकी एकीला खरी म्हणून दुसरी खोडून काढावी, असे मला वाटत नाही.

ती प्रत मी वर्गातून काढली नाही. मात्र आता चक्र समजावून झाले की त्या मुलीचा प्रश्न, तिचे नाव न घेता, मी वर्गापुढे ठेवते आणि बोलणे थांबवते. दारावर नेमलेल्या भिक्षूला त्या जुन्या कथेतही प्रश्न विचारले जातात. आमच्या वर्गात तास बहुधा तिथून पुढे रंगतो.