पुण्याची रोजकीर्द

सद्गुण हे थोरामोठ्यांच्या चरित्रांतच शोभतात, आपण त्यांना दुरून नमस्कार करावा, अशी जी समजूत आपल्या मनात नकळत घर करून बसते, तिला प्राचीन चिनी नीतिविचारात थारा नाही. दुसऱ्याचे काम मनापासून केले काय, मित्राला दिलेल्या शब्दाला जागलो काय, आणि गुरूची शिकवण आचरणात उतरली काय, या तीन बाबींत कन्फ्यूशियसचा शिष्य झेंगझी प्रतिदिनी आत्मपरीक्षण करी.

सोळाव्या शतकात युआन ल्याओफान या मिंगकालीन विद्वानाने याच वृत्तीची रीतसर रोजकीर्द मांडली. १५६९ साली युनगू नामक बौद्ध भिक्षूने दाखविलेल्या पद्धतीप्रमाणे तो सत्कृत्य जमेस आणि दुष्कृत्य खर्ची टाकू लागला. त्याच्या पत्नीला लिहिता येत नसे. म्हणून भुकेल्याला अन्न दिले, किंवा एखादा जीव विकत घेऊन मोकळा सोडला, की ती हंसपिसाच्या नळीने पंचांगातील त्या तिथीवर एक तांबडे वर्तुळ उमटवी. संकल्पिलेली तीन हजार सत्कृत्ये पुरी व्हावयास दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. पुढे बाओदी परगण्याचा अंमलदार झाल्यावर त्याने रयतेवरील शेतसाऱ्याचा दर उतरविला.

हा संकल्प राजसेवेच्या परीक्षेतील यशाच्या इच्छेने सोडलेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुण्याची मोजदाद करणाऱ्याची दृष्टी फळावर खिळते, या आक्षेपाने लिऊ झोंगझोऊ या तत्त्वचिंतकाने १६३४ साली रचलेल्या आपल्या ग्रंथात केवळ दोषांचीच नोंद ठेवावयास सांगितले. हा आक्षेप मला मान्य आहे; आणि तरीही त्या निरक्षर गृहिणीचे पंचांग मला अधिक मोलाचे वाटते, कारण वर्षानुवर्षे लहानसहान उपकारांची सवय ज्या घराला जडली, त्याच घरच्या माणसाच्या हाती शिक्कामोर्तब आले तेव्हा रयतेचे ओझे हलके करण्याची बुद्धी त्याला झाली. अधिकार मिळाल्यावर सद्गुण शिकू, असे म्हणणाऱ्याला तो कधीच साधत नाही. अधिकार माणसाला नवे काही शिकवीत नाही, आधी मुरलेलेच उघड करतो.

कचेरीतील कारकुनापासून घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत प्रत्येकाच्या हाती कोणाचे तरी काम अडलेले असते. वाचकांनी पुण्याचा हिशेब खुशाल ठेवू नये. पण ते अडलेले काम मात्र आजच मार्गी लावावे.