आणा इकडे!

माणसाने सेहेचाळिसाव्या वर्षी काय करावे याविषयी आमच्या वाईत फारसा मतभेद नाही. पहाटे गणपतीच्या घाटावरून एक फेरी मारावी, रक्तातली साखर तपासून घ्यावी, मुलीसाठी हळूहळू स्थळे बघावीत, आणि माझ्यासारखा लिहिता माणूस असेल तर दोनतीन वर्षांनी एखादी कादंबरी काढावी. त्यामुळे गेल्या वर्षी मी आमच्या थोरलीबरोबर एका साहसी शर्यतीत नाव घातले, तेव्हा लोकांनी आधी माझ्या प्रकृतीची आणि मग माझ्या डोक्याची चौकशी केली. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, गॅसचं सिलिंडर दारातून स्वयंपाकघरात आणताना तुमची कंबर धरते!"

ते खरेच होते. पण त्याला इलाज नव्हता. तिघांची तुकडी हवी होती आणि त्यांना तिसरा मिळत नव्हता.

साहसी शर्यत म्हणजे काय, हे मला शाळेत शिक्षकांच्या खोलीत निदान दहा वेळा सांगावे लागले. थोडे चालायचे, थोडे सायकलीवरून, थोडे होडीतून. रस्ता कुणी आखून दिलेला नसतो. हातात नकाशा आणि होकायंत्र देतात, नकाशावर काही ठिकाणे दाखवलेली असतात, आणि तेवढी ठिकाणे गाठून परत या म्हणतात. रात्र झाली तरी घड्याळ थांबत नाही. झोपायचे की चालायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. न्यूझीलंडमध्ये १९८३ साली एका समुद्राच्या काठापासून दुसऱ्या समुद्राच्या काठापर्यंत, पळत, सायकलीने आणि होडीने बेट आडवे ओलांडायची शर्यत सुरू झाली. पुढे १९८९ साली जेरार फ्यूझिल नावाच्या फ्रेंच पत्रकाराने त्याच देशात पाचपाच जणांच्या तुकड्यांची, अनेक दिवस चालणारी शर्यत भरवली, आणि प्रत्येक तुकडीत निदान एक स्त्री हवी असा नियम घातला. २०१९ साली फिजी बेटांवरच्या अशाच एका मोठ्या शर्यतीत आपल्याकडची तुकडीही उतरली होती. २०१३ साली एव्हरेस्टवर जोडीने गेलेल्या ताशी आणि नुंगशी मलिक या जुळ्या बहिणी तीत होत्या. आमची शर्यत म्हणजे या साऱ्याची भातुकली. भोरकडच्या डोंगरांत दोन दिवस आणि मधली एक रात्र.

या खेळातला एक नियम मात्र मोठ्या शर्यतीत आणि भातुकलीत सारखाच असतो. तुकडीतल्या तिघांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहायचे, आणि वेळ मोजायची ती शेवटच्याची. पहिले दोघे वाऱ्यासारखे पळाले तरी तिसरा रांगत आला, तर तुकडी रांगत आली असे धरतात. तो तिसरा कोण असणार, याविषयी आमच्या तिघांतही मतभेद नव्हता.

आमचा कप्तान हा माझा जुना विद्यार्थी. त्याचे बसस्थानकाजवळ सायकल-दुरुस्तीचे दुकान आहे. शाळेत असताना हा मुलगा चित्रकलेच्या तासाला भलताच मंद होता. इतर मुले रंगाला हात घालीत तेव्हा याची मडक्याची कड अजून खोडरबराखाली असे. आता तोच मला पहाटे साडेचारला उठवायला दाराशी येऊन घंटी वाजवू लागला.

तयारी सहा महिने चालली. आठवड्यातून दोनदा पसरणीचा घाट सायकलीने चढायचा. वाईपासून पाचगणीपर्यंत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढण आहे. पहिल्या दिवशी मी अर्ध्या घाटात सायकल हातात धरून उभा होतो, आणि दुधाच्या टेंपोवाल्याने आपण होऊन विचारले, "सर, टाकू का मागं?" एरवी पायी चालायचे, पाठीवर सॅक घेऊन. सॅकेत वजन काय भरावे, हा प्रश्न आला. विटा रुततात. मग घरात मराठी विश्वकोशाचे काही खंड आहेत, त्यांतले दोन भरले. कोश वाईतच झालेला, त्यामुळे त्यालाही परके वाटण्याचे कारण नव्हते. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाच्या डोक्यात जे मावले नाही, ते असे पाठीवरून पांडवगडापर्यंत गेले.

आश्चर्य वाटेल, पण चढण्यापेक्षा उतरणे वाईट. चढताना दम लागतो आणि थांबले की जातो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलत असतो. त्या वेळी काही वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी खाली वाकून पडलेला खडू उचलता येत नाही. याला औषध एकच, पुन्हा उतरायचे, म्हणजे मांडीला त्याची सवय होते. पायाला फोड येण्याआधी तिथे नुसती आग होते. त्याच क्षणी थांबून मोजा बदलायचा, चिकटपट्टी लावायची. पाच मिनिटे वाचवायला गेलो की पुढचे पाच तास लंगडावे लागते. तहान लागली म्हणून नुसते पाणी ढोसायचे नाही, सोबत मीठही पोटात जायला हवे, नाहीतर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भेलकांडतो. म्हणून आमच्या खिशात खारे शेंगदाणे असत, आणि सॅकेत सौभाग्यवतींचे राजगिऱ्याचे लाडू.

होडी शिकलो धोमच्या पाण्यावर. दोघांची कयाक होती. थोरली पुढे, मी मागे. वल्हे हाताने मारायचे नसते, कमरेपासून अंग वळवून मारायचे असते, हे मला तिनेच शिकवले. म्हणजे एक दिवसभर ओरडून सांगितले. घरात ती मला असे कधी बोलली नसती. पाण्यावर नात्यांची उतरंड थोडी हलते असे दिसते.

एकदा तयारी म्हणून कमळगडावर गेलो होतो. वर एक विहीर आहे, तिला कावेची विहीर म्हणतात. अरुंद पायऱ्यांनी पोटात उतरत जावे, तो दोन्ही भिंती गेरूच्या. ओल्या, थंडगार आणि लालभडक. वीस वर्षे मी मुलांना बाटलीतला गेरू-रंग दाखवीत आलो. तो असा डोंगराच्या पोटात भरून ठेवलेला असतो, हे मला तिथे कळले. मी बोट लावून वहीच्या पानावर एक रेघ ओढली. कप्तान वरून ओरडला, "सर, घड्याळ चालू आहे!"

प्रत्यक्ष शर्यतीत सायकल आणि होडी निभावली. दिवस मावळेपर्यंत आम्ही मधल्या तुकड्यांत होतो, आणि मला मनातून थोडी गुर्मीही चढली होती. त्यात नकाशा माझ्या हाती. चित्रकलेचा मास्तर म्हणून तो माझ्याकडेच असावा, असे मीच ठरवले होते. समोच्चरेषांचा नकाशा मला नेहमीच एखाद्या उत्तम रेखाचित्रासारखा वाटतो. एकेक रेघ म्हणजे एकेक उंची. रेघा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की पठार. डोंगराची सोंड आणि डोंगरातली नाळ, दोन्हींत या रेघा बाणाच्या टोकासारख्या वळतात. टोक उताराकडे असेल तर सोंड, चढाकडे असेल तर नाळ. एवढाच फरक. दिवसाउजेडी पाचवीतला मुलगाही तो सांगेल.

रात्री दोनच्या सुमाराला, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, मी तो उलटा वाचला.

आम्ही उतरू लागलो. पंधरावीस मिनिटांनी कप्तान म्हणाला, "सर, सोंडेवर गवत असतं. इथं पायाखाली पाचोळा आहे."

मी म्हणालो, "नकाशा काय सांगतो ते बघ."

आणखी थोड्या वेळाने तो म्हणाला, "गारठाही वाढला, सर. थंड हवा घळीत उतरते."

मी नकाशा त्याच्या नाकाशी धरून बोटाने रेघ दाखवली. वर्गात दाखवतो तशीच. तो गप्प बसला. थोरली काहीच बोलली नाही. तिला बापाचा आवाज ओळखता येतो. तासाभराने समोर एकावर एक पडलेले धोंडे आणि त्यांच्याखाली पंधरावीस हातांचा तुटलेला कातळ लागला. नाळ. मग सारे पुन्हा चढायचे. आमच्याकडे जुनी माणसे याला चकवा लागला म्हणत, आणि चकवा लागला की पुढे न जाता आहे तिथे बसा, असे सांगत. त्यातले भूत सोडले तर सल्ला बिनचूक आहे. चुकल्यावर पुढे जाऊ नये. पण चुकलो हे कबूल करायला मी तासभर घेतला होता.

वर येईतो माझ्यातले सारे संपले होते. पोटात अन्न ठरेना. डोळ्यांपुढे एक खडक सारखा फळ्यासारखा दिसे, आणि त्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेले चित्र. न झोपलेल्या माणसाला असे दिसते, हे मी वाचले होते. वाचले असूनही मी त्या फळ्याकडे दोनदा वळून पाहिले. माझ्यामुळे तुकडी दीड तास मागे पडली होती, आणि आता माझ्यामुळेच दर शंभर पावलांवर थांबत होती. थंडीने थोरलीचे दात वाजत होते. थांबल्यावर थंडी वाजतेच. चालणाऱ्याला वाजत नाही. ते दात माझ्या खात्यावर होते.

कप्तान मागे आला आणि हात पुढे करून म्हणाला, "आणा इकडे, सर."

"काय?"

"सॅक."

या खेळात हे वावगे नाही. दमलेल्याचे ओझे धडधाकट असलेल्याने घ्यायचे, वेळ पडली तर कमरेला दोरी बांधून त्याला ओढायचे. उलट जो आपले ओझे वेळेवर देत नाही, तोच तुकडीला बुडवतो. सहा महिन्यांपूर्वी कप्तानाने हे मला दुकानात बसून समजावले होते आणि मी मान डोलावली होती. त्या वेळी मनात सॅक देणारा मी नव्हतो, घेणारा होतो.

मी म्हणालो, "जमेल मला."

तो हसला. थकलेला होता, पण हसला. म्हणाला, "माझं एलिमेंटरीच्या तयारीतलं मडकं तुम्ही असंच घेतलं होतंत. मीही म्हणालो होतो, जमेल मला."

मला ते मडके आठवत नव्हते. पण अशी मडकी मी शेकड्यांनी घेतली आहेत. मुलगा रेंगाळत असतो, तास संपत आलेला असतो. आपण म्हणतो, "आण इकडे," आणि त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन चार फटक्यांत कड ओढून देतो. वही सुंदर दिसते. निकालही बरा लागतो. त्या वेळी मुलगा कुठे बघत असतो, हे मी कधी पाहिले नाही.

"मग काय झालं त्या मडक्याचं?" मी विचारले.

"काही नाही. तुम्ही दिलंत 'उत्तम' म्हणून. मी घरी दाखवलं नाही."

एवढे बोलून तो थांबला नाही. त्याने माझ्या खांद्यावरून पट्टे उतरवले, माझी सॅक पोटाशी घेतली, आपली पाठीवर ठेवली, आणि चालू लागला. थोरलीने न बोलता माझ्या हातातला नकाशा घेतला. मी तोही दिला. मोकळ्या खांद्यांनी मी दोघांच्या मधून चाललो; पाय हलके झाले होते आणि चेहरा गरम. पूर्वेला तांबडे फुटले तेव्हा आम्ही खऱ्या सोंडेवर होतो. पायाखाली गवत होते.

अखेरच्या खुणेपाशी पोहोचलो तेव्हा शेवटून दुसरे होतो. तिघांनी मिळून एकदमच ती फीत ओलांडली, कारण तसे नसते तर काही उपयोग नव्हता. थोरली माझ्या खांद्यावर डोके टेकून उभ्याउभ्याच झोपली. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

सॅक कप्तानाकडेच राहिली होती. मंगळवारी शाळा सुटल्यावर तो ती घेऊन आला. एक पट्टा उसवला होता, तो त्याने जुन्या ट्यूबची पट्टी लावून शिवून टाकला होता; टाका जरा ओबडधोबड होता, पण घट्ट. "फेब्रुवारीत आणखी एक आहे, सर," तो म्हणाला, "नकाशा तुम्हीच धरा. पण पायाखाली बघून." मी काही बोललो नाही. आतून सौभाग्यवती चहा घेऊन आल्या.

तो गेल्यावर मी सॅक उघडली. लाडवांचा डबा तळाशी होता. निघताना मोजून सहा भरले होते, माझ्याने एकही खाववला नव्हता. डब्यात चार होते. मी झाकण लावले आणि डबा धुवायला टाकला.