यात्रा पुढच्या वर्षी, तात्या

इस्लामपूर,
१६ एप्रिल २०२१

ती. स्व. तात्यांस,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बावधनचं बगाड झालंच की! मग आमच्या भैरोबाच्या यात्रेनंच काय घोडं मारलंय?" फोनवर तुमच्यापुढं उलट बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसले. चष्मा लावून, सावकाश वाचा.

बगाड झालं हे खरं. रंगपंचमीला, २ एप्रिलला, बंदी असताना पहाटेच निघालं, हजारो माणसं जमली आणि मागाहून गुन्हे दाखल झाले. वाई तालुक्यात त्याचं कौतुकच जास्त चाललंय. "झालं का काही कुणाला?" असं तुम्हीही विचारलंत. तात्या, कोरोना जत्रेच्या दिवशी दिसत नाही. अंगात शिरल्यावर पाच-सहा दिवसांनी, कधी चौदा दिवसांनी वर येतो, आणि तोवर माणूस गावभर हिंडून आलेला असतो. गर्दीत कुणाचा श्वास कुणाला लागला, हे मग कोण शोधणार?

शोधता येतं ते माणसं मोजकी असली तरच. हे मी पेपरात वाचून सांगत नाही, आमच्याच गावात पाहिलंय. गेल्या वर्षी २३ मार्चला सौदीहून परतलेल्या आमच्याकडच्या चौघांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आठवडाभरात आकडा विसाच्या पुढं गेला आणि त्यातले बहुतेक एकाच गोतावळ्यातले, नात्यातले. इस्लामपूरचं नाव देशभर झालं, तेही असं. कुठल्या दुकानात जायचं नाही, कुणाच्या दारावरून जायचं नाही, याच्या याद्या लोक आपापसांत करायला लागले होते. त्याची मला अजून लाज वाटते. पण त्याच गावात भेटलेल्या एकेका माणसाचं नाव निघालं, त्यांना वेगळं ठेवलं, भाग सील झाला, आशाताई भर उन्हात घरोघर फिरून ताप-खोकला विचारत राहिल्या. मिरजेच्या सिव्हिलमधून माणसं बरी होऊन घरी आली. औषध तर तेव्हा नव्हतंच हाताशी. कोण कोणाला भेटलं हे खरं सांगितलं गेलं आणि गाव घरात बसलं, एवढ्यावर ते निभावलं. ज्या गावात आजारी माणसाला वाळीत टाकतात, तिथं पुढचा माणूस ताप लपवतो. तुमच्या वाडीत तसं होऊ देऊ नका, मग बाकीचे नियम सोपे आहेत.

सरकारवरचा तुमचा राग मला कळतो. उद्या पंढरपूर-मंगळवेढ्यात मतदान आहे. आमदार भारत भालके कोरोनातून उठले, पण त्यातूनच बळावलेल्या दुखण्यानं नोव्हेंबरात गेले, म्हणून ती पोटनिवडणूक. आणि तिच्याच प्रचाराला सगळ्या पक्षांनी माणसं गोळा केली. यापेक्षा निर्लज्जपणा तो काय! पुन्हा आपल्याला सांगतात लस घ्या, आणि गेल्याच आठवड्यात साताऱ्यात नि आमच्या सांगलीत लस संपली म्हणून केंद्रं बंद ठेवायची वेळ आली. पण पुढारी चुकले म्हणून विषाणू आपल्याला सूट देत नाही.

हुकूम आणि दंडुका यांनी साथ आटोक्यात येत नाही, हेही तुमचं म्हणणं मान्य. बंदीमागचा साथरोगाचा कायदाच १८९७ चा आहे, प्लेगातला. पुण्यात इंग्रज अधिकारी रँडनं गोरे सोजीर घराघरांत घुसवले, त्याचा शेवट काय झाला ते तुम्हीच आम्हाला शाळेत असताना सांगायचात. पण त्याच प्लेगात आपल्या जिल्ह्यातली एक बाई काय करत होती? खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक, सावित्रीबाई फुले. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात त्या रोग्यांना आणून पोचवत होत्या. त्यातच प्लेगनं १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांच्यावर कुणाचा हुकूम नव्हता. आणि आपले पणजोबा गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले, ही गोष्ट तर तुमच्याच तोंडची. गाव मोकळं पडलं होतं तेव्हा छबिना कुणी काढला असेल? देव कोपला असता तर आपण आज असतो का?

गेल्या आषाढीचं आठवा. ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या. लोणंद, तरडगाव, फलटण, कुठं मुक्काम नाही की रिंगण नाही. तरी वारी मोडली नाही. आपल्या भैरोबाची गादी माउलींपेक्षा मोठी आहे का?

खरी धास्ती मला मुंबईकरांची वाटते. आपली निम्मी वाडी मुंबईत माथाडीत, इकडं विटा-आटपाडीची गलाईवाली मंडळी देशभर पांगलेली. यात्रा म्हटली की सगळे एका दिवसात उतरतात, एका घरात पंधरा-वीस माणसं निजतात. आठ महिन्यांच्या बाळापासून तुमच्या ऐंशीच्या आत्यापर्यंत एकाच छताखाली. गावात ऑक्सिजन नाही, वाईत खाट मिळेल याची आज कुणी हमी देत नाही.

पूजा होऊ द्या. गुरव आणि दोन मानकरी, मास्क नाकावर, हनुवटीवर नाही. तमाशाची सुपारी आणि कुस्त्या रद्द करा. वर्गणी जमली असेल त्यातून प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी दोन-चार ऑक्सिमीटर घ्या. बोटाला लावून आकडा ९४ च्या खाली गेला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे घराघरांत सांगा. जो कुणी बाहेरून येईल, त्याची सोय शाळेत करा, आणि त्याला डबा द्यायला आपल्याच घरातून सुरुवात करा.

रविवारी यात्रा कमिटीची बैठक आहे म्हणालात. सरपंचानं नोटीस लावली तर पोरं ती फाडतील. तुम्ही बोललात तर कुणी हूं की चूं करणार नाही. मुंबईला "यंदा येऊ नका" हा फोन तुम्हीच लावा. आणि लस आली की काकींना घेऊन पहिल्या दिवशी जा.

आपली,
इस्लामपूरची पोर