जीपीएस, पांदण आणि दिग्व्रत



मागच्या पौषात एका सकाळी हे सायकल घेऊन निघाले. नेहमी नऊला परततात, त्या दिवशी साडेअकरा वाजले तरी पत्ता नाही. आमची लाखनी महामार्गावर. ट्रकांच्या गर्दीत सायकल नको म्हणून हे पांदणीने जातात आणि तलावाच्या पाळीवरून फिरून येतात. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. धानाच्या बांध्यांमधून फुटणाऱ्या वाटा सगळ्या सारख्याच दिसतात. त्यात दाट धुके! हे वाट चुकले होते. घरी आल्यावर हसले, पण पाण्याचा पेला धरताना हात थरथरत होता, तो मी पाहिला. अलीकडे नावेही विसरतात.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बाबांची सायकल बंद कर." मला ते पटेना. सकाळची ती फेरी गेली की मागे खुर्ची आणि टीव्ही एवढेच उरणार. नातू म्हणाला, "आजी, जीपीएस घेऊ. गेलेली वाट त्यात उमटते, तिच्यावरून परत येता येते."

मी बी.कॉम. झालेली. आधी वहीत दोन रकाने आखले.

पहिल्या रकान्यात हातात धरायचे वेगळे यंत्र. नातवाने गार्मिनचे ईट्रेक्स १० दाखवले. दोन पेन्सिल सेलवर २५ तास चालते असे कंपनी सांगते. पावसाला भीत नाही, उन्हात पडदा नीट दिसतो, बटणे दाबायची असतात. किंमत मात्र पाच आकडी.

दुसऱ्या रकान्यात कपाटात पडलेला सुनेचा जुना फोन. त्यातही जीपीएस आहेच. मला वाटायचे, रिचार्ज नसेल तर ते चालत नाही. तसे नाही. फोन उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो, आपल्या रेडिओसारखा. किमान चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा कळते. नकाशा तेवढा घरीच उतरवून ठेवावा लागतो. खुल्या आकाशाखाली चूक साधारण ५ मीटरची. धुरा तर हातभर रुंद, म्हणजे नकाशात आपण कधी धुऱ्यावर, कधी बांधीत दिसणार. चाक कुठे टाकायचे ते डोळ्यांनीच पाहायचे.

माझा सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच होता. हे यंत्र घेतले की हे कुठे आहेत ते मला घरबसल्या दिसेल, असे मी धरून चालले होते. साधे जीपीएस यंत्र ज्याच्या हातात आहे त्यालाच जागा सांगते, घरी काही कळवत नाही. त्यासाठी सिमवाला फोन आणि रेंज हवी. मला हवे ते पाच आकडी रकमेत मिळणारच नव्हते! गरज आधी लिहून काढली म्हणून पैसे वाचले.

शेवटी जुना फोन वाट नोंदवायला आणि ह्यांचा रोजचा फोन खिशात, माझ्याशी लोकेशन जोडलेला. नवी खरेदी एका पॉवर बँकेची. अपरिग्रहाच्या वहीतही ती बसली. आठ दिवस नातवासोबत ओळखीच्या वाटेवर तपासून पाहिले. एकदा नोंद मध्येच तुटली. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने ॲप बंद पाडले होते. ते आधी काढून टाका. आणि निघताना अंगणात मिनिटभर थांबा, उपग्रह सापडू द्या.

आता नातू त्या वाटा ओपनस्ट्रीटमॅपवर चढवतो. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा लोकच भरतात. आमच्या काही पांदणी त्यात नव्हत्या, आता आहेत. कुणाच्या उभ्या पिकातून गेलेली वाट मात्र चढवायची नाही, हे मी बजावले आहे. चातुर्मासात तर पांदण बंदच; गवतात जीव फार असतात.

ह्यांनी दिग्व्रत घेतलेले आहे, चारही दिशांना अंतर ठरवून. पाचवा अतिचार तुम्हाला माहीतच आहे, घेतलेल्या मर्यादेचे विस्मरण. इतकी वर्षे मी तो पाठ म्हणत आले, पण त्या पौषानंतर म्हणताना आवाज अडतो. विसरणे ह्यांच्या हातात राहिले नाही, तर तो दोष कुणाचा? पुढच्या चातुर्मासात महाराजांना विचारणार आहे. तोवर नातवाने नकाशावर घराभोवती वर्तुळ काढून दिले आहे.

काल हे सव्वानऊला आले. फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "बघ." रेघ आमच्या दारातून निघून लाखोळीच्या शेतांकडे गेली होती आणि पुन्हा दारात आली होती. मी चहा ठेवला.

जय जिनेंद्र.